बिनसहीचा अर्ज

चित्रपट पाहण्यापेक्षा, पाहून आल्यावर त्यावर वाद घालण्यात आमच्या माहेरच्या मंडळींना अधिक गोडी. हा वारसा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खचितच नव्हे. त्यांनी उभ्या आयुष्यात पाचसहा चित्रपट पाहिले असतील तर पुष्कळ. तो आईकडून आला. आई ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. तिच्या माहेरी नाटकाला जाऊन आले की माजघरात पहाटेपर्यंत नटांची हजेरी घेतली जाई, असे ती सांगे. उज्जैनला आल्यावर नाटके कमी झाली, पण हजेरी घेण्याची सवय तिने आम्हां सर्वांना लावली.

२०२४ सालच्या जून महिन्यात ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट लागला, तेव्हा माझा भाचा इंदूरहून मुलाबाळांसह आला होता. त्याने एका रविवारी आम्हां सर्वांची तिकिटे काढली. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे दादाच म्हणतात, वहिनी, भाचा, भाचेसून, त्यांची दोन मुले आणि मी, अशी सात माणसे. दादाचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. चित्रपटगृहाच्या गारव्यात बसण्यासाठी त्याने ज्येष्ठातल्या उकाड्यात मफलर बरोबर घेतला होता.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. जन्म १९४४ चा. लहानपणी कुस्तीचे वेड, पुढे सैन्यात भरती, तेथे मुष्टियुद्धात नाव. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक मणक्यापाशी कायमची राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. उपचार म्हणून पोहणे सुरू केले आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. दुसरे यायला ३२ वर्षे लागली. २००४ साली अथेन्सला देवेंद्र झाझडिया यांनी भालाफेकीत ते आणले. मधल्या काळात पेटकरांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? मी ऐकले नव्हते. तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले, सामान्यज्ञानाच्या स्पर्धा घेतल्या, आणि हे नाव मला ठाऊक नव्हते.

त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिचला होते, मग पॅरालिम्पिक हायडलबर्गला का, हा प्रश्न भाच्याच्या मुलाने परतीच्या वाटेवरच विचारला. म्युनिचचे क्रीडाग्राम ऑलिम्पिकनंतर लोकांना राहण्याच्या घरांसाठी द्यायचे ठरले होते, म्हणून अपंग खेळाडूंची सोय दुसऱ्या गावी केली गेली. ‘म्हणजे त्यांना जागा नव्हती,’ एवढेच मुलगा म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.

घरी येऊन पाने मांडली आणि हजेरीला आरंभ झाला. पहिला मान मुलांचा. त्यांना पूर्वार्ध रेंगाळल्यासारखा वाटला, गाणी नकोशी झाली, पण पाण्यातली शर्यत फार आवडली. भाचेसुनेला विजय राज यांनी रंगविलेला प्रशिक्षक आवडला. भाच्याने सांगितले की याच कबीर खान यांनी २०२१ मध्ये १९८३ च्या विश्वचषकावर चित्रपट काढला होता आणि त्यात खरेपणा अधिक होता. इथे मात्र एका माणसाच्या आयुष्यात चार माणसांचे आयुष्य कोंबल्यासारखे वाटते. त्यावर मुलगी म्हणाली, ‘पण बाबा, ते खरंच घडलंय!’ हा मुद्दा असा होता की त्याला उत्तर नव्हते. कुस्ती, मुष्टियुद्ध, युद्ध आणि पोहणे, हे सारे एकाच माणसाने केले. एवढेच काय, १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिसही खेळले होते. कथाकाराने असे काही रचले असते तर संपादकांनी ते साभार परत केले असते.

वहिनींचा आक्षेप भाषेचा. त्या मूळच्या मिरजेच्या, लग्न होऊन १९६९ साली या घरात आल्या. पंचावन्न वर्षे माळव्यात काढली तरी कृष्णाकाठचा अभिमान तसाच. सांगलीकडचा मुलगा मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांसारखे हिंदी का बोलतो, हे त्यांना उमगेना. मी म्हटले, ‘वहिनी, आपण बोलतो ती मराठी पुण्याच्या माणसाने ऐकली तर तोही हेच म्हणेल.’ आपल्या इकडच्या मराठीत ‘मी तिकडून होऊन आले’ आणि ‘त्याला विचारून घेते’ हे कसे शिरले ते वाचकांना ठाऊक आहेच. कार्तिक आर्यन हा नट मूळचा ग्वाल्हेरचा. तेव्हा आपल्या मुलखातल्या मुलाने सांगलीच्या माणसाचे सोंग घेतले, यात आम्हां मध्य प्रदेशातल्या मराठी मंडळींना वास्तविक थोडा आनंदच वाटायला हवा. वहिनींना तो वाटला नाही.

दादा एवढा वेळ गप्प होता. ताक पिऊन झाल्यावर त्याने तोंड उघडले आणि वादाचा रंग पालटला.

चित्रपटाची सुरुवात पोलिस ठाण्यात होते. म्हातारे झालेले मुरलीकांत तेथे तक्रार घेऊन येतात. तक्रार कोणाविरुद्ध, तर राष्ट्रपतींविरुद्ध. आणि कशाबद्दल, तर आपल्याला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून. हवालदार हसतात, फौजदार चक्रावतो आणि मग म्हातारबुवा आपली कथा सांगू लागतात. ठाण्याचा हा प्रसंग चित्रपटवाल्यांची कल्पकता असावी. पण पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता, हे मात्र त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे.

‘सगळे छान होते,’ दादा म्हणाला, ‘पण ते मागणे मला सहन झाले नाही. ज्याने गोळ्या खाल्ल्या, ज्याने देशाला सुवर्ण आणले, त्याने फौजदारासमोर उभे राहून मला हे द्या, ते द्या म्हणावे? मान मागून मिळाला तर तो मान कसला? अण्णा असते तर पहिल्याच दृश्याला उठून गेले असते.’

मी लगेच मान डोलावली. खरे सांगायचे तर ते दृश्य सुरू असताना मीही आसनात चुळबुळले होते. आमच्या घरात काहीही मागायचे नाही, हा एक न लिहिलेला धर्म होता. शेजारी विरजण मागायला जायचे नाही, शिक्षकांकडे गुण वाढवून मागायचे नाहीत, सासरी गेल्यावर माहेराहून काही मागायचे नाही. या धर्माचे प्रवर्तक अण्णा.

अण्णांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ते एका गिरणीत हिशेबनीस होते, पण शहरात त्यांना ओळखत ते मल्लखांबामुळे. जुन्या वस्तीतल्या एका व्यायामशाळेत पहाटे साडेचारला ते हजर असत, गिरणी सुटल्यावर पुन्हा संध्याकाळी. सुमारे चाळीस वर्षे हा क्रम चालला. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभे केले आणि मराठी माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे हा खांब त्याने आपल्याबरोबर नेऊन रोवला. शिंद्यांच्या उज्जैनमध्ये तो असा रुजला की आज तो शिकणारी मुले बहुतेक हिंदी भाषक घरांतली असतात आणि दसरंग, अढी, तेढी हे शब्द मात्र मराठीच राहिले आहेत. १९८१ साली मल्लखांबाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, त्यात इथल्या मंडळींचा पुढाकार होता. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यक्रीडा ठरविले. २०२० मध्ये उज्जैनच्याच योगेश मालवीय यांना मल्लखांबाचे प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा दादाने पेढे आणले होते.

अण्णांच्या वेळी यांतले काहीच नव्हते. फी नाही, मानधन नाही. सागवानी खांब, खाली माती, आणि खांबाला चोळायला एरंडेल. ज्यांनी मल्लखांब पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, कोरड्या लाकडावर अंगाची साल निघते. एरंडेल चोळावेच लागते. आणि मुले तीस-चाळीस असली की ते पुष्कळ लागते. नागपंचमीला खांबाची पूजा होई. त्या दिवशी महाकाळाच्या वरच्या मजल्यावरचे नागचंद्रेश्वराचे मंदिर वर्षातून एकदाच उघडते म्हणून सारे शहर त्या बाजूला लोटे, आणि आमच्या घरचे मात्र व्यायामशाळेत. मुलींना दोरीवरच्या मल्लखांबाची मुभा होती. मीही दोन वर्षे केला. अण्णांनी मला कधी शाबासकी दिल्याचे स्मरत नाही. चुकले नाही की ते पुढच्या मुलीकडे वळत.

१९७६ च्या सुमारास अण्णांचा एक जुना शिष्य घरी आला. तो तेव्हा सरकारी नोकरीत होता. त्याने एक छापील अर्ज आणला होता. जुन्या व्यायामशिक्षकांना दरमहा थोडेसे मानधन मिळण्याची शक्यता आहे, अर्ज तेवढा करायला हवा, असे तो सांगत होता. अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. मी तेव्हा शाळेत नवी नोकरीला लागले होते आणि माझे अक्षर बरे. तो गेल्यावर मी हौसेने सारा अर्ज भरला. नाव, पत्ता, किती वर्षे शिकविले, किती शिष्य तयार केले. शेवटी सहीची जागा उरली. अण्णांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘माझे गुण मीच लिहून पाठवू? आणि खाली सही करून म्हणू की हे खरे आहे?’ अर्ज त्यांनी माझ्याकडे परत दिला.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, ‘अहो, सही तर करायची आहे.’

अण्णा काही बोलले नाहीत. बोलले ते मी. ‘आई, तू अण्णांना असे मागायला लावू नकोस,’ असे मी तिला म्हटले. सव्वीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली मुलगी मी. मला वाटले, आपण अण्णांची बाजू घेतली, म्हणजे तत्त्वाची बाजू घेतली. आई आत गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही. अण्णा १९८३ साली गेले, आई १९९८ साली.

तेव्हा त्या रात्री दादाच्या बोलण्याला मी मान डोलावली ती या साऱ्यासकट. भाचा काहीतरी म्हणू पाहत होता, पण आमच्या घरात अण्णांचे नाव निघाले की वाद संपतो. तो संपला नाही, याचे कारण वहिनी.

वहिनी सहसा भाषेपलीकडच्या वादात पडत नाहीत. ताटे उचलता उचलता त्या म्हणाल्या, ‘अण्णांनी कधी मागितले नाही, कारण सासूबाई मागत होत्या.’

‘कोणाकडे?’ दादाने विचारले.

‘तेल्याकडे.’

मग ताटे तशीच ठेवून त्या खाली बसल्या आणि त्यांनी सांगितले ते आम्हां दोघां सख्ख्या मुलांना ठाऊक नव्हते. गोपाळ मंदिराच्या बाजूला एक तेलाचे दुकान होते. महिन्याचे एरंडेल तेथून उधारीवर येई. ते आणायला आई जाई, पुढे वहिनी जाऊ लागल्या. उधारी तुंबली की दुकानदार दोन शब्द बोले, आणि आई ते ऐकून घेऊन म्हणे, ‘पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबा.’ पैसे पापडांचे. आई तीन-चार घरांचे पापड लाटून देत असे हे आम्ही पाहिले होते. ती आवड म्हणून करते, असे आम्ही समजत होतो. ते एरंडेलात जात होते. वहिनी म्हणाल्या, ‘मला पहिल्यांदा पाठविले तेव्हा सासूबाईंनी सांगितले, दुकानात पदर नीट घे, आवाज चढवू नकोस, आणि घरी येऊन यांतले काही सांगू नकोस. मी नाही सांगितले. आज त्या सिनेमातल्या म्हाताऱ्याला तुम्ही नावे ठेवलीत म्हणून बोलले.’

दादा म्हणाला, ‘आम्हांला सांगायचे तरी.’

‘सांगून काय झाले असते? अण्णांनी शिकवणे सोडले असते. मग?’

यावर कोणी काही बोलले नाही. भाचेसुनेने ताटे उचलली.

माझी त्या रात्री झोप उडाली. दादाचीही उडाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी, माधवनगरला, रिक्षाने आला. ऐंशीच्या वयात सांगून-सवरून न येता तो असा कधी येत नाही. बसल्या बसल्या त्याने पुन्हा वाद उकरून काढला; पण आता त्यातला जोर उसना होता. म्हणाला, ‘खाशाबांचे बघ. त्यांनी कधी मागितले का?’

खाशाबा जाधव म्हणजे आमच्या बालपणचे दैवत. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. चित्रपटातल्या छोट्या मुरलीला ऑलिम्पिकचे वेड लागते ते खाशाबांचे स्वागत पाहून. दादा आणि पेटकर एकाच वर्षी जन्मलेले. दादालाही आठव्या वर्षी ते वेड लागले होते, अण्णांनी व्यायामशाळेत मुलांना बातमी वाचून दाखविली तेव्हा.

मी म्हटले, ‘दादा, खाशाबांनी तर दारोदार मागितले होते.’ हे त्यालाही ठाऊक होते, अण्णांनीच सांगितलेले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्याही आधी, निवडीत अन्याय झाला म्हणून खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकून संघात जागा मिळविली. दाद मागितली नसती तर हेलसिंकी नाही, पदक नाही आणि आठ वर्षांच्या मुरलीला पाहायला मिरवणूकही नाही. अण्णा ही गोष्ट सांगताना खर्डेकरांचे घर सांगत, पतियाळाचे महाराज सांगत. पण खाशाबा कोणापुढे तरी उभे राहून ‘मला संधी द्या’ म्हणाले असतील, ते वाक्य अण्णांच्या कथेत कधी आले नाही. आणि पुढे? पदकानंतर खाशाबांनी पोलिस खात्यात नोकरी केली. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० सालचा, मरणोत्तर.

दादा म्हणाला, ‘पानसिंग तोमर.’ हा त्याचा आवडता चित्रपट, २०१२ सालचा. आमच्या चंबळेकडचा धावपटू, अडथळ्यांच्या शर्यतीतला राष्ट्रीय विजेता, पुढे बागी झालेला. मला हसू आले. म्हटले, ‘त्यातही तो आधी पोलिसांकडेच जातो, पदके घेऊन. दिले नाही म्हणून बंदूक घेतो. तुला तो चालतो आणि अर्ज करणारा चालत नाही?’

दादाने चहा घेतला. मग विचारले, ‘तो अर्ज आहे का गं तुझ्याकडे?’

अर्ज होता. माझ्या लग्नात आईने दिलेल्या ट्रंकेत, प्रमाणपत्रांच्या खाली. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता. माझे तेव्हाचे टापटिपीचे अक्षर आणि खाली रिकामी रेघ. त्याच ट्रंकेत आईची एक हिशेबाची वही होती, जी मी पंचवीस वर्षे उघडली नव्हती. आम्ही दोघांनी ती पलंगावर ठेवून पाहिली. दूध, किराणा, शाळेची फी, दादाची सायकलची दुरुस्ती. आणि दर महिन्याला, कधी तीन, कधी चार ठिकाणी, एकच शब्द: एरंडेल. पुढे रक्कम. काही रकमांच्या पुढे बारीक अक्षरात ‘बाकी’. दादाने चष्मा पुसला आणि पुन्हा पुसला. मी सुपारी आणायच्या निमित्ताने उठले.

त्या दिवशी आम्ही अण्णांविरुद्ध काही बोललो नाही, हे इथे नमूद करते. त्यांनी तयार केलेली मुले आज पन्नाशी-साठीची आहेत. रस्त्यात दादाला भेटली की पायांना हात लावतात. अण्णांचा निःस्पृहपणा खोटा नव्हता. त्याचा खर्च कुठल्या वहीत मांडला जात होता, हे त्यांना माहीत नव्हते. किंवा माहीत होते आणि त्यांनी विचारले नाही. दुसरी शक्यता मला अधिक बोचते, कारण विचारले मीही नाही, आणि आईने एकदा तोंड उघडले तेव्हा ते मीच मिटविले.

चित्रपटाचे म्हणाल तर तो काही फार चालला नाही, असे भाचा सांगतो. पुढे कार्तिक आर्यनला त्यातल्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळाले. मला विचाराल तर तो अर्धा तास कमी असता तर बरे झाले असते, आणि पोलिस ठाण्यातली विनोदाची फोडणी थोडी कमी चालली असती. पण तो प्रसंगच नको होता, असे आता मी म्हणणार नाही. आमच्या भजनी मंडळातल्या एका मैत्रिणीने नेमकी हीच तक्रार केली की इतक्या मोठ्या माणसाला मागताना दाखवून लहान केले. मी तिला म्हटले, तो स्वतःसाठी मागतो आहे असे तुला का वाटले? अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. त्यात अशा खेळाडूला जागा आहे की नाही, एवढेच तो विचारत होता. तिला पटले की नाही, कोण जाणे. हार्मोनियम लागायला लागली होती.

पेटकरांना पद्मश्री २०१८ साली मिळाली होती. चित्रपटानंतर सात महिन्यांनी, १७ जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार दिला गेला. हायडलबर्गनंतर बावन्न वर्षांनी. समारंभ दूरचित्रवाणीवर होता. दादाने मला सकाळीच दूरध्वनी करून बोलावले. मनू भाकर, गुकेश ही मुले आधी आली. मग कुबड्यांच्या आधाराने पेटकर पुढे आले. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्या वर्षीच्या ३२ अर्जुन मानकऱ्यांत १७ दिव्यांग खेळाडू होते, असे निवेदकाने सांगितले. दादा म्हणाला, ‘सतरा?’ आणि बोटांवर काहीतरी मोजू लागला.

गेल्या पावसाळ्यात इथली काही तरुण मंडळी घरी आली. जुन्या व्यायामशाळा आणि त्यांतले शिक्षक यांची माहिती ते गोळा करीत आहेत, पुस्तिका काढायची आहे. त्यांनी एक छापील तक्ता दिला. शिक्षकाचे नाव, जन्म, कार्यकाळ, शिष्य, मिळालेले सन्मान, विशेष माहिती; खाली माहिती देणाऱ्याची सही. दादाचा हात आता थरथरतो, म्हणून लिहायला मी आणि सांगायला तो. जुना अर्ज शेजारी ठेवला होता. बरेचसे त्यावरूनच उतरविले. ‘मिळालेले सन्मान’ या रकान्यात दादाने ‘नाही’ असे लिहायला सांगितले.

‘विशेष माहिती’पाशी मी थांबले. मग आईचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले की व्यायामशाळेला लागणारे एरंडेल त्यांनी सुमारे तीस वर्षे घरखर्चातून व स्वतःच्या कमाईतून पुरविले. तक्ता दादाकडे दिला. त्याने तो डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

‘तीस नव्हे,’ तो म्हणाला. ‘मी दुसरीत होतो तेव्हापासून ती पापड करीत होती. धर, बत्तीस.’

मी आकडा दुरुस्त केला. त्याने सही केली, आणि लेखणी वहिनींकडे देऊन म्हणाला, ‘तूही कर. तेल तू आणलेस.’